जंगल खोटे, अपमान खरा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिका साऱ्या जगाला एकच गोष्ट ओरडून सांगत होती. हिटलर वंशश्रेष्ठत्वाचा पुजारी आहे, त्याला गाडल्याशिवाय मानवजातीची सुटका नाही! सांगणे खरे होते. पण त्याच काळात त्याच अमेरिकेच्या पडद्यावर काय चालले होते? तेथे आफ्रिकेच्या जंगलात नाझी हेर घुसत होते, गोरा नायक त्यांना लोळवत होता आणि काळा माणूस भुताला घाबरून डोळे गरगरा फिरवत पळत सुटत होता. वंशवादाविरुद्धचे युद्ध वंशवादाच्याच चष्म्यातून दाखवले जात होते. हे चित्रपट स्वस्त होते, टाकाऊ होते, म्हणून समीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिले नाही. आम्हाला मात्र ते महत्त्वाचे वाटतात. समाज बेसावधपणे बोलतो तेव्हाच त्याच्या पोटातले ओठावर येते.

आधी या मालाचा कारखाना पाहू. त्या काळी अमेरिकेत एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची पद्धत होती. एक मोठा, दुसरा त्याला जोडून दिलेला. हा जोडचित्रपट पुरवणाऱ्या मोनोग्राम, पीआरसी, रिपब्लिक अशा छोट्या कंपन्या होत्या. हॉलिवूडमध्ये त्यांच्या वस्तीला 'पॉव्हर्टी रो', म्हणजे 'दरिद्री आळी' असेच नाव पडले होते. यातल्या तळाच्या कंपन्या आठवडा-दहा दिवसांत चित्रपट उरकत. आफ्रिकेला जाण्याचा प्रश्नच नव्हता. कुंडीतली झाडे, कागदी वेली, जुन्या चित्रपटांतून कापून आणलेले सिंह आणि मगरी यांची जुळवाजुळव केली, की झाले जंगल तयार. एमजीएमसारखी श्रीमंत कंपनीसुद्धा आपल्या टारझनपटांत आशियाई हत्तींना खोटे कान चिकटवून त्यांना आफ्रिकन बनवत होती. जंगलात घुमणारा तो प्रसिद्ध आवाज कुकाबुरा पक्ष्याचा, म्हणजे चक्क ऑस्ट्रेलियातला! 'नाबोंगा' (१९४४) या पीआरसीच्या चित्रपटातला गोरिला म्हणजे केसाळ पोशाख घातलेला रे कॉरिगन हा गोरा नट.

हत्ती खोटा, पक्षी खोटा, गोरिला खोटा. मग माणूस तरी खरा कुठून असणार?

माणसांचेही साचे ठरलेले होते. पहिला साचा जंगलातल्या गोऱ्या राणीचा. 'जंगल सायरन' (१९४२) मध्ये अॅन कोरिओ ही नर्तिका जंगलात वाढलेली गोरी तरुणी झाली आहे. 'नाबोंगा'मध्येही तेच, गोरिलाच्या सोबतीने वाढलेली गोरी मुलगी. जन्मभर जंगलात राहणाऱ्या काळ्यांना जे साधत नाही, ते गोरी मुलगी सहज साधते. का? तर तिची कातडी गोरी आहे म्हणून. श्रेष्ठत्व जन्माने मिळते, ते शिकावे लागत नाही, हा सिद्धांत आमच्या वाचकांना काही नवा नाही!

दुसरा साचा 'नेटिव्हां'च्या घोळक्याचा. भाले, ढोल, अंगाला फासलेली राख. त्यांना नाव नाही, घर नाही, भाषा नाही. 'सिक्रेट सर्व्हिस इन डार्केस्ट आफ्रिका' (१९४३) या रिपब्लिकच्या मालिकापटाचे नावच पाहा. अख्खा खंड 'अंधारा' ठरवून टाकला! मोठ्या कंपन्याही मागे नव्हत्या. 'टारझन ट्रायम्फ्स' (१९४३) मध्ये नाझी सैनिक आफ्रिकेतल्या एका गुप्त नगरीवर कब्जा करतात. त्या नगरीचे रहिवासी कोण? गोरे! आफ्रिकेच्या पोटात गोऱ्यांचे गाव वसवले आणि स्वातंत्र्याची लढाई त्यांच्या नावे लावली. ज्याची भूमी, त्यालाच कथेतून हद्दपार केले.

तिसरा साचा सर्वांत जास्त चालला. तो म्हणजे भित्रा काळा नोकर. या भूमिकांचा बादशहा होता मॅन्टन मोरलँड. लुईझियाना राज्यातल्या मन्रो या गावी १९०२ साली जन्मलेला हा कलावंत रंगमंचावर तयार झालेला होता. संवादाची फेक आणि वेळेचे भान यांत त्याचा हात धरणारे थोडेच. 'किंग ऑफ द झॉम्बीज' (१९४१), 'लॉ ऑफ द जंगल' (१९४२), 'रिव्हेंज ऑफ द झॉम्बीज' (१९४३) या मोनोग्रामच्या चित्रपटांत तोच नोकर, तोच भित्रा.

'किंग ऑफ द झॉम्बीज' नीट पाहा. कॅरिबियन बेटावर विमान कोसळते. दोन गोरे आणि त्यांचा काळा नोकर जेफ एका डॉक्टरच्या वाड्यात आश्रय घेतात. गोऱ्यांना वर खोल्या मिळतात, जेफची रवानगी खाली नोकरांच्या स्वयंपाकघरात होते. तेथे त्याला चालती प्रेते दिसतात. तो धावत जाऊन मालकांना सांगतो. मालक हसतात. तो पुन्हा सांगतो, ते पुन्हा हसतात. पुढे डॉक्टर शत्रूचा हस्तक निघतो आणि जेफचे म्हणणे खरे ठरते. म्हणजे अख्ख्या चित्रपटात धोका सर्वांत आधी ओळखणारा, खरे बोलणारा माणूस कोण? ज्याला भित्रा म्हणून हिणवले तोच! तळघरात राहणाऱ्यालाच वाड्याचा पाया सडलेला दिसतो. पण त्याची साक्ष ग्राह्य धरायची नाही, असा रिवाज आहे. गावकुसाबाहेरच्या माणसाची साक्ष किती शतके अशीच हसण्यावारी नेली गेली, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

आता पडद्याबाहेर येऊ. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. डोरी मिलर हा काळा खलाशी तेव्हा 'वेस्ट व्हर्जिनिया' या युद्धनौकेवर होता. अमेरिकी नौदलात काळ्यांना त्या वेळी जवळजवळ फक्त भटारखान्याचे आणि अधिकाऱ्यांच्या सेवेचे काम मिळे. तोफा-बंदुकांचे शिक्षण त्याला दिलेलेच नव्हते. तरी त्याने जखमींना हलवले आणि विमानविरोधी मशीनगन हाती घेऊन गोळ्या झाडल्या. मे १९४२ मध्ये त्याला 'नेव्ही क्रॉस' हे शौर्यपदक मिळाले. त्याच वर्षी पडद्यावरचा काळा माणूस झुडपामागे लटपटत होता. नोव्हेंबर १९४३ मध्ये 'लिस्कम बे' या जहाजाबरोबर मिलरला जलसमाधी मिळाली.

आणि खऱ्या जंगलात कोण होते? आसामातल्या लेडोपासून ब्रह्मदेशातून चीनच्या दिशेने रस्ता बांधण्याचे काम डिसेंबर १९४२ मध्ये सुरू झाले. डोंगर, चिखल, पाऊस, मलेरिया. त्यावर राबलेल्या सुमारे १५ हजार अमेरिकी सैनिकांपैकी जवळजवळ ६० टक्के कृष्णवर्णीय होते. त्यांच्यासोबत भारतीय, ब्रह्मी आणि चिनी मजूर होते. अकराशेहून अधिक अमेरिकनांचे प्राण या रस्त्याने घेतले. १९४५ सालच्या फेब्रुवारीत पहिला ताफा चीनमधल्या कुनमिंगला पोचला. त्याच ब्रह्मदेशात पश्चिम आफ्रिकेची ८१ वी डिव्हिजन कलादान खोऱ्यात लढत होती. तिचे हमाल-सैनिक डोक्यावरून दारूगोळा वाहत होते. त्यांच्या बिल्ल्यावर कोळी होता, आफ्रिकन लोककथांतला चतुर अनान्सी. बलाढ्यांना बुद्धीने हरवणारा! हॉलिवूडला मात्र आफ्रिकन माणसाकडे फक्त मंत्रतंत्र दिसले.

१९४५ सालीच वॉर्नर कंपनीचा 'ऑब्जेक्टिव्ह, बर्मा!' आला. चित्रपट मोठ्या खर्चाचा, पण जंगल पुन्हा कॅलिफोर्नियातले. ब्रह्मदेशची लढाई अमेरिकनांनीच जिंकली असे दाखवल्याने ब्रिटनमध्ये संताप उसळला आणि तेथे तो मागे घ्यावा लागला. गोऱ्यांना गोऱ्यांनी वगळले तर एवढा गहजब! मग लेडो रस्त्यावरच्या काळ्या सैनिकांना आणि कलादानच्या आफ्रिकनांना वगळले, त्याचा जाब कोणी विचारायचा?

जाब विचारणारे होते. ३१ जानेवारी १९४२ रोजी 'पिट्सबर्ग कुरियर' या काळ्यांच्या वृत्तपत्राने जेम्स थॉम्पसन या तरुणाचे पत्र छापले. विमान कारखान्याच्या उपाहारगृहात काम करणारा हा तरुण विचारत होता, की अर्धा नागरिक म्हणून जगण्यासाठी मी प्राण का द्यावा? त्यातून 'डबल व्ही' म्हणजे दुहेरी विजयाची चळवळ उभी राहिली. एक विजय परदेशातल्या हुकूमशाहीवर, दुसरा घरातल्या वर्णभेदावर. एनएएसीपी या संघटनेचे वॉल्टर व्हाइट १९४२ मध्ये हॉलिवूडला गेले, चित्रपट कंपन्यांच्या मालकांना भेटले आणि काळ्या माणसाला माणूस म्हणून दाखवा, अशी मागणी केली. थोडा फरक पडलाही. 'बटान' (१९४३) मध्ये केनेथ स्पेन्सरचा काळा सैनिक गोऱ्यांच्या बरोबरीने लढतो. 'सहारा' (१९४३) मध्ये रेक्स इन्ग्रामने सुदानी सैनिक उभा केला. मनात आणले तर जमते, हे सिद्ध झाले. पण खुद्द अमेरिकी सैन्यातल्या वेगळ्या पलटणी संपवण्याचा आदेश निघायला २६ जुलै १९४८ उजाडले.

यातली एक गाठ सोपी नाही. व्हाइट यांच्या मोहिमेला काही काळ्या नटांनीच विरोध केला. १९४० साली ऑस्कर मिळवणारी हॅटी मॅकडॅनिएल त्यांत होती. पारितोषिकाच्या रात्रीही तिला सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवले होते! पण नोकराणीची भूमिका गेली आणि बदल्यात दुसरी मिळाली नाही, तर पोट कसे भरायचे, हा तिचा आणि तिच्या सहकाऱ्यांचा सवाल होता. भीती खोटी नव्हती. महायुद्धानंतर भित्र्या नोकराची फॅशन गेली, तसे मॅन्टन मोरलँडचे कामही आटले. अपमानाची भूमिका काढून घेतली, पण सन्मानाची दिली नाही. आम्ही मोरलँडला दोष देत नाही. मेलेले ढोर ओढणाऱ्याला दोष द्यायचा, की त्याच्यावर ते काम लादणाऱ्या व्यवस्थेला, याचा निकाल आमच्या चळवळीने कधीच लावला आहे. मात्र ते काम सोडण्याचा निर्धार करतानाच पर्यायही उभा करावा लागतो, हाही आमचाच अनुभव आहे.

तो पर्याय उभा करणारेही होते. 'किंग काँग' (१९३३) मध्ये बेटावरच्या टोळीचा नायक झालेला नोबल जॉन्सन हाच १९१६ साली लिंकन मोशन पिक्चर कंपनी स्थापणाऱ्यांपैकी एक होता. काळ्यांनी काळ्यांसाठी काढलेली ही चित्रपट कंपनी. ऑस्कर मिशो यांनी १९२० साली 'विदिन अवर गेट्स' काढून काळ्यांना झुंडीने ठार मारण्याची प्रथा पडद्यावर आणली. पैसा तुटपुंजा, चित्रपटगृहे मोजकी. दरिद्री आळीच्या कंपन्याही गरीबच होत्या. पण एकाने गरिबीतून सत्य काढले आणि दुसऱ्याने त्याच गरिबीतून बदनामी विकली. तेव्हा 'बजेट कमी होते हो!' ही सबब आम्ही मान्य करणार नाही.

या साऱ्याशी आमचे नाते काय, असे कोणी विचारील. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी सहानुभूतीचे उत्तर धाडले. आणि सैन्याचे म्हणाल तर पहिल्या महायुद्धात १९१७ साली उभारलेली १११ वी महार पलटण गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंट उभी राहायला ऑक्टोबर १९४१ उजाडले. लढाई आली की बोलवायचे, लढाई संपली की 'लढाऊ जातीं'च्या यादीतून वगळायचे! डोरी मिलरची कथा आम्हाला परकी वाटत नाही ती यामुळेच.

शिवाय हा साचा आमच्या दारातही आला. मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनने १९३७ मध्येच 'तूफानी टारझन' काढला. पुढे हिंदी चित्रपटांत तोंडाला काळे फासून, डोक्यात पिसे खोचून नाचणारे 'जंगली' कितीतरी दशके येत राहिले. आदिवासी नट कुठे आणि आदिवासी लेखक तर कुठे?

हे चित्रपट जाळून टाका, असे आमचे म्हणणे नाही. पुरावा जाळला तर आरोपी सुटतो. २०२० साली 'गॉन विथ द विंड' हा चित्रपट एका अमेरिकी वाहिनीने काही दिवस काढून घेतला आणि त्याचा वर्णभेदी संदर्भ सांगणारी प्रस्तावना जोडून पुन्हा दाखवला. हा मार्ग आम्हाला पटतो. 'किंग ऑफ द झॉम्बीज' आज कोणालाही फुकट पाहता येतो. आमच्या तरुणांनी तो जरूर पाहावा. मोरलँडच्या विनोदावर हसू आले तर हसावे, तो हसण्याजोगा कलावंत होताच. पण पाहताना डोळा कथेवर ठेवू नये, कॅमेरा कोणाच्या हातात आहे यावर ठेवावा. आणि मग तो आपल्या हातात कसा येईल, याची तयारी करावी.