पट्टी उतरली, गाणे नव्हे

आपल्या घरातील आजी देवापुढे पद म्हणता म्हणता अर्ध्या ओळीवर थांबतात आणि म्हणतात, ‘आता पूर्वीचा आवाज राहिला नाही.’ आपण ऐकतो आणि कामाला लागतो. हळूहळू त्या म्हणणेच सोडून देतात. ही गोष्ट आपण वाटते त्याहून गंभीरपणे घ्यावी, असे मला सुचवायचे आहे. त्यासाठी आवाजावरच आयुष्य उभे केलेल्या एका गायिकेची आठवण करू.

युरोपीय ऑपेरात मध्यम पट्टीच्या, भरदार स्त्री-आवाजाला ‘मेझो-सोप्रानो’ म्हणतात. हॅन्डेलच्या जुन्या ऑपेरांतील शूर नायकांची गाणी आज अनेकदा याच आवाजाच्या स्त्रिया गातात. इंग्लंडच्या जॅनेट बेकर यांनी हॅन्डेलचा ज्युलियस सीझर असाच गाजवला. १९८२ मध्ये, पन्नाशी गाठण्याआधीच, त्यांनी ऑपेराचा रंगमंच सोडला. मैफली मात्र पुढे काही वर्षे चालू ठेवल्या. आपल्या संगीत रंगभूमीवर याच्या नेमके उलट होते: पुरुष स्त्रिया होऊन गात. बालगंधर्वांची सुभद्रा आणि सिंधू आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांनी पाहिली असेल.

त्याच गंधर्व गायकीचा वसा घेऊन एक स्त्री रंगभूमीवर उभी राहिली, ती जयमाला शिलेदार. त्यांचा जन्म १९२६ चा, माहेरचे नाव प्रमिला जाधव. जयराम शिलेदार यांच्यासह त्यांनी पुण्यात ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था चालवली. सौभद्र, स्वयंवर, मानापमान, एकच प्याला या नाटकांतील नायिका त्यांनी हजारो प्रयोगांत उभ्या केल्या. आज प्रयोग एका गावी, उद्या दुसऱ्या. रात्रीचा प्रवास, अवेळी जेवण, धूळ, आणि त्यावर शेवटच्या रांगेतल्या माणसाचा ‘वन्समोअर’! पद पुन्हा गायचे, तेही पहिल्याइतकेच ताजे. अशा धकाधकीत गळा दशकानुदशके टिकवणे हे रियाजाइतकेच शिस्तीचे काम असते. ते घरच्या माणसांनाही सांभाळावे लागते.

वय वाढले तशा त्यांच्या नायिका कन्या कीर्ती यांच्याकडे गेल्या. लता, म्हणजे दीप्ती भोगले, यांनीही तीच वाट धरली. जयमालाबाईंनी गाणे मात्र सोडले नाही. त्या शिकवत राहिल्या. ज्या सुभद्रेने आपले नाव झाले, ती दुसरीच्या गळ्यात बसवताना मन किती मोठे करावे लागत असेल! २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ८ ऑगस्टला त्यांचे निधन झाले.

आता आपल्या घरी येऊ. उतारवयात स्वरतंतूंचे स्नायू पातळ होतात, स्वरयंत्राची कूर्चा कडक होते, श्वासाचा भाता पूर्वीइतका फुलत नाही. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचा स्वर खाली येतो. पुरुषांचा, गंमत अशी की, वार्धक्यात किंचित वर चढतो. म्हणजे आजींचा आवाज ‘गेलेला’ नसतो, तो खालच्या पट्टीत राहायला गेलेला असतो. काळी चारमध्ये गाणाऱ्या आजींना पेटीवर काळी तीन द्यावी, तेही जड गेले तर काळी दोन. ओळ लांबली तर मध्ये श्वास घेऊ द्यावा. थोडे कोमट पाणी, ताठ बसणे आणि सकाळची दहा मिनिटे एवढ्यावर सुरुवात होते. कुजबुजून बोलल्याने घशाला विश्रांती मिळते, हा समज मात्र चुकीचा आहे.

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत प्रेसच्या धडधडीत जन्म काढलेल्या आजोबांचा प्रश्न आणखी वेगळा. तिथे ओरडूनच बोलावे लागे. निवृत्तीनंतर ऐकू कमी येते आणि आवाज घोगरा होतो, म्हणून घरचे म्हणतात, ‘आजोबा चिडके झाले.’ आधी कान तपासावेत. आवाजाचा घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक राहिला, गिळताना ठसका लागू लागला किंवा बोलणे दिवसेंदिवस क्षीण होत गेले, तर ते वयावर न ढकलता कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. क्षीण होत जाणारा आवाज कधी कंपवाताचीही खूण असतो.

पक्षाघाताने ज्यांची वाचा गेली आहे, त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांना ‘पाणी’ हा शब्द उच्चारता येत नाही. पण पाठ असलेले पद चालीवर म्हणताना शब्द आपोआप बाहेर येतात. वाचा-उपचारतज्ज्ञ या गुणाचा उपयोग करून घेतात. अशा वेळी चुका न काढता, त्यांच्याच पट्टीत, त्यांच्याबरोबर हळू म्हणावे. दोन ओळींनंतर ते थांबले तर आपणही थांबावे आणि पेटी उघडीच ठेवावी.