शेजाऱ्याचं बघून शिकावं, पण नेमकं काय बघावं?

आजच्या भागाचा विषय तसा रोजचाच. शेतकरी नवी गोष्ट शिकतो कुणाकडून? सरकारी पत्रकातून, दुकानदाराकडून, की बांधापलीकडच्या शेजाऱ्याकडून?

याचं एक जुनं उत्तर अमेरिकेतल्या आयोवा राज्यातून येतं. तिथे 1928 च्या सुमारास संकरित मक्याचं बियाणं आलं. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन संशोधकांनी 259 शेतकऱ्यांना विचारलं, हे बियाणं तुम्ही कसं घेतलं? 1943 साली त्यांचा अभ्यास छापून आला. बियाण्याची पहिली खबर सगळ्यात जास्त लोकांना विक्रेत्याकडून मिळाली होती. पण पेरायचं ठरवलं ते शेजाऱ्याच्या भरवशावर!

साहजिकच आहे. शेजाऱ्याची जमीन आपल्यासारखी, पाऊस तोच, बाजार तोच. त्याचं पीक आलं तर आपलंही येईल, असं वाटतं.

पण इथेच एक मेख आहे. बांधावरून दिसतं ते काम, त्यामागचं कारण दिसत नाही. शेजारी पाठीवर पंप घेऊन निघाला की आपणही निघतो. त्याच्या शेतात कीड किती होती, ती मोजली का, हे कुठे कळतं? आता तर ग्रुपवर औषधाच्या बाटलीचा फोटो आला की सगळा गाव तीच बाटली आणतो.

ही नक्कल खिशालाच नाही, जिवालाही महाग पडू शकते. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कारणं अनेक होती. पण एक गोष्ट साधी आहे: जी फवारणी गरजेचीच नाही, ती टळली तर तेवढा धोकाही टळतो.

मग शेजाऱ्याकडून कारणासकट कसं शिकायचं? याची वाट इंडोनेशियात सापडली. तिथे भातावर तपकिरी तुडतुडे माजले होते. फवारणीने तुडतुड्यांना खाणारे कोळी आणि मित्रकिडे मरत, आणि तुडतुडे आणखी वाढत. 1986 मध्ये सरकारने भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली आणि 1989 मध्ये शेतीशाळा सुरू झाल्या. पंचवीसेक शेतकरी हंगामभर दर आठवड्याला शेतात जमायचे, किडी मोजायचे, चित्र काढायचे आणि मग फवारायचं की नाही ते एकत्र ठरवायचे. बरणीत कोळी आणि तुडतुडे एकत्र ठेवायचे. कोण कुणाला खातं, ते डोळ्यांनी बघा!

हीच शेतीशाळा आज आपल्याकडेही भरते. कपाशीतल्या गुलाबी बोंडअळीचं उदाहरण घ्या. अळी एकदा बोंडात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून आधीच लक्ष ठेवायचं. त्यासाठी एकरी 2 कामगंध सापळे लावायचे. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात सरासरी 8 किंवा जास्त पतंग आले, तर सावध. किंवा शेतात फिरून वेगवेगळ्या झाडांवरची 20 हिरवी बोंडं तोडून फोडायची. दोनात अळी निघाली, म्हणजे 10 टक्के. आता उपाय करायची वेळ आली. त्याखाली असेल तर थांबा, आणि काही दिवसांनी पुन्हा मोजा.

बघा, शिकवणारा इथेही शेजारीच आहे. फरक एवढाच की तो बाटली नाही, आकडा दाखवतो. आणि आकडा आपल्या शेतात आपणच तपासू शकतो. त्याच्या 20 बोंडांत चार अळ्या आणि आपल्यात एकही नाही, असंही होऊ शकतं. मग त्याची फवारणी बरोबर आणि आपलं थांबणंही बरोबर.

तर मंडळी, घरी कपाशी असेल तर बोंडं धरल्यावर एका रविवारी 20 बोंडं फोडून बघा. ग्रुपवर बाटलीचा फोटो टाकण्याआधी तो आकडा टाका, आणि सोबत विचारा, "तुमच्याकडे किती निघाल्या?"

भेटूया पुढच्या भागात!