पाण्याचे देणे

1892 साली तानसा तलावाचे पाणी मुंबईकडे वाहू लागले, 1972 साली औद्योगिक विकास महामंडळाने बारवी धरण बांधले, त्यानंतर भातसा आले. आणि अशा रीतीने शहापूर व मुरबाडच्या डोंगरपट्ट्याने महानगराची तहान व कारखान्यांची गरज भागविली असताना, येथल्याच कातकरी-ठाकर पाड्यांना चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागावी, ही विसंगती शतक उलटूनही मिटलेली नाही. उद्योगांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा जमाखर्च मांडताना हे जुने देणे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

मुरबाडला औद्योगिक वसाहत झाली, आसनगावला कारखाने आले. शाळेला वह्या, एखादे आरोग्य शिबिर, असे जे काही होई ते मालकाच्या मर्जीवर अवलंबून असे. मर्जीचा हा अंमल कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 ने संपविला. ज्या कंपनीचे नक्त मूल्य 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी अथवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये वा अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के लोकहितार्थ खर्चावेत व त्यात आपल्या परिसरास अग्रक्रम द्यावा, अशी तरतूद 1 एप्रिल 2014 पासून अमलात आली.

पुढे या खर्चातून पाड्यांवर सौर पंप आले, टाक्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी एक टाकी आजही डोळ्यांपुढे आहे: दर्शनी भागी देणगीदाराचा ठसठशीत फलक, खाली चार तोट्या, मोटार जळाल्यापासून चारही कोरड्या, आणि हंडे घेऊन उतारावरच्या जुन्या विहिरीकडे निघालेल्या बाया. टाकी ग्रामपंचायतीच्या दप्तरी नाही, ती बांधणाऱ्या संस्थेचे कंत्राट संपलेले, आणि अहवालात काम पूर्ण!

2021 साली अमलात आलेल्या कायदा व नियमांतील सुधारणांनी या दोषाच्या मुळाला हात घातला. अशी मालमत्ता सार्वजनिक प्राधिकरण, नोंदणीकृत संस्था अथवा लाभार्थ्यांचा बचतगट यांच्याकडेच असावी, आणि चालू प्रकल्पाची अखर्चित रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून तीन वर्षांत खर्चावी, असे ठरले. मालकीचा प्रश्न त्यामुळे सुटला. निगराणीचा मात्र उरलाच आहे, कारण ज्या गटाच्या पदरी टाकी पडते, त्याच्या पदरी मोटार दुरुस्तीचे पैसे पडतातच असे नाही.

म्हणून उद्योजकांना आग्रहाची विनंती अशी की, नवी टाकी बांधण्यापूर्वी जुनीची मोटार दुरुस्त करावी, पुढील दुरुस्तीची तजवीज करारातच लिहावी, आणि ग्रामसभेच्या ठरावावाचून एकही काम हाती घेऊ नये. ज्या डोंगरांच्या पाण्यावर शहरे आणि उद्योग पोसले, तेथील पाड्यावरची तोटी ऐन वैशाखात वाहती ठेवणे हे देणे आहे, आणि देणे फेडावेच लागते.