चेहऱ्याच्या हाडातील ‘दुधी काच’

पोते न उसवता आतील धान्याची पारख करणे हा आमचा जन्माचा धंदा. हाडांच्या काही विकारांत डॉक्टरांसही हेच करावे लागते. अशा एका विकाराशी आमच्या नात्यातील एका कुटुंबाची गाठ पडली. त्या वेळी जे समजून घ्यावे लागले, ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

१४ वर्षांच्या मुलीचा डावा गाल हळूहळू फुगत गेला. वेदना मुळीच नव्हती. एके ठिकाणी प्रथम एम.आर.आय. झाला व ‘गाठ, कर्करोगाचा संशय’ असा अभिप्राय हाती पडला. घरात कोणास अन्न गोड लागेना. पुढे दुसऱ्या क्ष-किरणतज्ज्ञाने सी.टी. स्कॅन करविला आणि उलगडा झाला. विकार ‘फायब्रस डिस्प्लेसिया’ हा होता.

यात पक्क्या हाडाच्या जागी तंतुमय द्रव्य व कच्च्या हाडाचे बारीक कण भरतात. हे नाव लिक्टेनस्टाइन यांनी १९३८ साली दिले. गर्भावस्थेत एखाद्या पेशीतील ‘जीएनएएस’ नामक जनुकात बदल होतो, त्याचा हा परिणाम. तो आईबापांकडून येत नाही. तेव्हा घराण्यास बोल लावण्याचे, किंवा मुलीच्या सोयरिकीत तो आडवा आणण्याचे काहीच कारण नाही.

सी.टी.मध्ये त्या कच्च्या कणांमुळे हाड दुधी काचेसारखे एकसारखे धूसर दिसते. ते फुगलेले असते. परंतु बाहेरचे कवच पातळ झाले तरी बहुधा अखंड राहते, आणि विकृत भाग निरोगी हाडात नकळत मिसळून जातो. कर्करोग बहुधा ते कवच पोखरून बाहेर पडतो. अर्थात प्रत्येक चित्र असे सरळ नसते. कोठे हाड दाट पांढरे, तर कोठे पोकळीसारखे काळे दिसते. एम.आर.आय.त शिरेतून औषध दिल्यावर हेच हाड उजळते व गाठीचा भास होतो. आमच्या मंडळींची झोप उडाली ती यामुळेच. चित्र संदिग्ध राहिले तर तुकडा काढून तपासतात.

कर्करोगात रूपांतर क्वचितच, शेकडा १ हूनही कमी रुग्णांत होते. किरणोपचाराने तो धोका वाढतो, म्हणून तो येथे टाळतात. खरी काळजी डोळ्यांची. दृष्टिनाडीचा मार्ग सी.टी.त अरुंद दिसला, तरी दृष्टी शाबूत असता केवळ चित्रावरून शस्त्रक्रिया करीत नाहीत. नेत्रतपासणी मात्र नियमित करवितात. वयात आल्यावर वाढ बहुधा मंदावते, म्हणून चेहरा सारखा करण्याची शस्त्रक्रियाही शक्यतो तोवर थांबवितात.

पुढील प्रत्येक चित्र पहिल्याशी ताडून पाहावे लागते. त्या मुलीच्या वडिलांनी पहिल्या सी.टी.ची तबकडी दुकानाच्या चोपड्यांबरोबर तिजोरीत ठेविली आहे.