पावसाळी मुक्कामाची गाडी: आधी हवा, मग वीज

संगमेश्वरात शास्त्री आणि सोनवी या नद्या फुगल्या की महिनोन्‌महिने हवेतली ओल हटत नाही. अशा मुलखात ईको किंवा ट्रॅव्हलरसारख्या व्हॅनची राहती गाडी करायची, तर पडदे-गाद्यांआधी हवा आणि वीज यांची सोय करावी. क्रम चुकला तर सुंदर प्लायमागे पत्रा गंजत राहतो.

सुरुवात आरसी बुकापासून. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीच्या मूळ रचनेत मनाजोगते बदल करता येत नाहीत. म्हणून आसनं काढणं, छत कापणं अशा कामांबद्दल आधी आरटीओत विचारून लेखी परवानगी घ्यावी. नटबोल्टवर बसणारं, सहज काढता येणारं फर्निचर त्यातल्या त्यात सोयीचं.

दोन माणसं रात्रभर झोपली की श्वासातून आणि घामातून अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. गार पत्र्याला लागून त्याचे थेंब होतात. उपाय म्हणजे छतात बाहेर हवा फेकणारा १२ व्होल्टचा पंखा आणि खाली जाळी लावून किंचित उघडी ठेवलेली खिडकी. पावसात बाहेरची हवाही दमट असते, त्यामुळे गाडी कोरडी ठणठणीत होणार नाही. पण आतली वाफ साचत नाही. गादीखाली अखंड प्लायऐवजी फटी ठेवून पट्ट्या माराव्यात. बुरशी कमी धरते.

छताला भोक पाडताना आधी कोपऱ्यांत ड्रिल करून मग जिगसॉ चालवावा. उडालेला लोखंडी कीस लगेच झाडून काढावा, नाहीतर एका पावसात रंगावर तांबूस ठिपके उठतात. कापलेली कड कानशीने घासून तिला गंजरोधक प्रायमर लावावा, तो वाळला की ब्युटाइल टेप, त्यावर पंख्याची चौकट आणि शेवटी कडेने सीलंट.

आता वीज. १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी सुमारे १२८० वॉट-तास देते. ३० वॉटचा पंखा आठ तास चालला तर २४० खर्च, दिवे आणि मोबाइल मिळून ८०. १५०० वॉटची इंडक्शन शेगडी मात्र वीस मिनिटांत ५०० खाते. ढगाळ दिवसांत सोलर पॅनेलवर भिस्त ठेवता येत नाही. ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लावला, तर गाडी तासभर चालताना ४०० च्या आसपास परत भरतात. लिथियम बॅटरी अल्टरनेटरला थेट जोडू नये. ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो.

वायर जाडच घ्यावी. पाच मीटर अंतरावर १० अँपिअर न्यायचे, तर जाऊन-येऊन वायर दहा मीटर होते. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्यात सुमारे ०.७ व्होल्ट वाटेतच जातात. ६ च्या वायरीत ०.३. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळच हवा, कारण तो वायरीला आगीपासून वाचवतो.

पाण्याची टाकी मोजून घ्यावी. ६० लिटर म्हणजे ६० किलो, आणि साखरप्याहून आंबा घाट चढताना हे वजन इंजिनाला व ब्रेकला जाणवतं. ते शक्यतो खाली, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये ठेवावं.

छताला आतून प्लाय मारण्याआधी बाहेरून पाइपने अर्धा तास पाणी सोडावं. टॉर्च घेऊन प्रत्येक सांधा बोटाने चाचपावा. कोरडा लागला, तरच पुढचं काम हाती घ्यावं.