लिनक्स अवघड म्हणून मागे पडलं?

‘लिनक्स हे प्रोग्रामर मंडळींचं काम, आपल्याला झेपणार नाही,’ असं म्हणणाऱ्याच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर (कर्नलवर) चालतो. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणकही लिनक्सवरच आहेत. मागे राहिलं ते टेबलावरच्या पीसीवर. त्याचं कारण अवघडपणात कमी आणि आजूबाजूच्या माणसांत जास्त आहे.

वाशीच्या दाणाबंदर धान्यबाजारातल्या गाळ्याचं घ्या. हिशेब टॅलीत, टॅली विंडोजवर. सीएकडे तेच. कामाला येणारा मुलगा एमएस-सीआयटी केलेला, म्हणजे विंडोजवरच हात बसलेला. मशीन अडलं की दुरुस्तीवाला ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो’ म्हणतो. इथे लिनक्स घेणारा एकटा पडतो.

मग लिनक्सवाल्यांना विचारावं, तर ते उद्धट, ‘आधी मॅन्युअल वाच’ म्हणून वाटेला लावतात, असा बोलबाला. तो अगदीच खोटा नाही. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स शिवराळ ईमेलसाठी प्रसिद्ध होते. सप्टेंबर २०१८मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली, काही आठवडे कामातून बाजूला झाले आणि कर्नल प्रकल्पानं नवी आचारसंहिता स्वीकारली. पण सगळ्यांना एकाच माळेत ओवू नये. २००४मध्ये आलेल्या उबुंटू या लिनक्स आवृत्तीनं सुरुवातीपासूनच नवख्याशी नीट बोलण्याचा नियम घालून घेतला होता. विंडोजला नावं ठेवण्यात घालवलेल्या वेळात कितीतरी जणांचे प्रिंटर सुरू करून देता आले असते, असं मला वाटतं.

केरळच्या सरकारी शाळांनी नेमकी अशीच मदत उभी केली. मुक्त सॉफ्टवेअर आणताना शिक्षकांनाच प्रशिक्षक केलं, त्यामुळे अडलं तर मदत शाळेतच.

‘लिनक्समध्ये मराठी नाही’ हे तर साफ चूक. इनस्क्रिप्ट कळफलक आहे, मेनूही मराठीत करता येतो. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची ‘बॉस’ ही भारतीय भाषांची लिनक्स आवृत्ती २००७पासून आहे. खरी अडचण होते ती युनिकोडपूर्व फाँटांतल्या जुन्या फायलींची.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला आणि अनेक जुनी यंत्रं विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रावर हार्ड डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघता येतं. टॅलीचं मशीन मात्र त्यातून वगळा.