रोटी चालते, बेटी का चालत नाही?

सॅन फ्रान्सिस्कोतले एक सुखवस्तू गोरे कुटुंब. बाप वर्तमानपत्राचा मालक, आयुष्यभर समतेचा पुरस्कार केलेला. आई चित्रांचे दालन चालविणारी, तीही तितकीच उदारमतवादी. त्यांची एकुलती एक मुलगी हवाईहून घरी परतते आणि सोबत आपला भावी नवरा घेऊन येते. तो नामांकित डॉक्टर आहे, सभ्य आहे, पण काळा आहे! आईचा चेहरा असा पडतो, की तो डॉक्टरच तिला आधी बसून घ्यायला सांगतो. प्रेक्षागृहात हशा पिकतो.

‘गेस हूज कमिंग टू डिनर’ हा स्टॅन्ली क्रेमर यांचा चित्रपट डिसेंबर १९६७ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. सिडनी पॉयटिए, स्पेन्सर ट्रेसी आणि कॅथरीन हेपबर्न अशी तालेवार मंडळी त्यात होती. हसत-खेळत सांगितलेली ही एका दिवसाची गोष्ट आहे. मात्र ज्या देशात ती घडते, तिथे चित्रीकरण चालू असताना सोळा राज्यांत गोऱ्या-काळ्यांचा विवाह हा गुन्हा होता. व्हर्जिनियातल्या लव्हिंग दांपत्याने १९५८ साली असे लग्न केले म्हणून त्यांना अटक झाली आणि पंचवीस वर्षांसाठी राज्य सोडण्याच्या अटीवर तुरुंगवास टळला. १२ जून १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हे कायदे रद्द केले. त्याच्या दोनच दिवस आधी, मुलीच्या बापाची भूमिका करणारे ट्रेसी वारले होते.

चित्रपटाची खरी गंमत बापाच्या अडचणीत आहे. दुसऱ्याच्या मुलीसाठी त्याने समता सांगितली, आता प्रश्न स्वतःच्या मुलीचा आला. डॉक्टर त्याला एकांतात सांगून टाकतो, की तुमची मनापासून संमती नसेल तर लग्न होणार नाही. झाले! आता कायद्याआड लपता येत नाही, जगाकडे बोट दाखवता येत नाही. ‘लोक काय म्हणतील’ या आपल्याकडच्या हुकमी वाक्याचा बाप दिवसभर आधार शोधतो. त्याचा मित्र असलेला पाद्री मात्र त्याचे तत्त्वज्ञान त्यालाच ऐकवून त्याची टर उडवतो.

हा बाप महाराष्ट्रात कुणी पाहिला नाही? जयंतीच्या व्यासपीठावर फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणारा, आमच्या घरी जेवून ‘आम्ही जात मानत नाही’ असे सांगणारा, आणि घरात मुलीच्या तोंडी एखाद्या मुलाचे नाव आले की पहिल्यांदा आडनाव विचारणारा! या मंडळींना बाबासाहेबांनी फार आधी ओळखले होते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले, पण भाषण वाचून सुधारकांचीच गाळण उडाली आणि परिषद रद्द झाली. बाबासाहेबांनी १९३६ साली ते भाषण स्वखर्चाने छापले. त्यात त्यांचे म्हणणे स्वच्छ आहे. सहभोजनाने जात मरत नाही. त्यावरचा खरा इलाज आंतरजातीय विवाह हाच, आणि त्यासाठी जातीला पवित्र ठरविणाऱ्या शास्त्रांची सत्ता झुगारावी लागते. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत जन्माने सारस्वत असलेल्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह करून त्यांनी हा विचार स्वतःच्या घरातही आणला.

या चित्रपटावर एक आक्षेप तेव्हाच घेतला गेला. काळा जावई स्वीकारायचा तर तो एवढा मोठा डॉक्टर आणि इतका निष्कलंक का असावा लागतो? वर्णाशिवाय नकाराला दुसरे निमित्तच उरू नये, हा दिग्दर्शकाचा डाव होता, हे खरे. पण साधा कामगार आला असता तर? आपल्याकडेही कलेक्टर झालेल्या मुलाची जात कधी कधी विसरली जाते. सोनई (२०१३) आणि खर्डा (२०१४) इथल्या गरीब पोरांची जात मात्र कुणी विसरले नाही. खर्ड्याच्या खटल्यातले आरोपी तर २०१७ साली निर्दोष सुटले. म्हणूनच आपल्या मातीतला ‘सैराट’ (२०१६) गाण्यांवर नाचवत नेतो आणि शेवटी रक्ताच्या थारोळ्यापाशी आणून सोडतो. आपल्या समाजाने या विषयावर हसण्याचा अधिकार अजून कमावलेला नाही.

आता थोडे आपल्याही घरात डोकावू. चित्रपटात या लग्नावर सर्वांत जास्त भडकते ती घरातली काळी मोलकरीण, टिली. डॉक्टरचा निवृत्त पोस्टमन बापही विरोधात उभा राहतो. भीती आणि सवय अत्याचारितांच्याही रक्तात कशी भिनते, ते इथे दिसते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण सारी माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा घेतली. मग वधू-वर मेळाव्याच्या अर्जात पोटजातीचा रकाना कशासाठी? मातंग, चर्मकार, मेहतर घरातली सून आणताना आपले पाय का अडखळतात? मनुवाद्यांना जाब विचारण्याचा आपला हक्क आहेच. त्याच प्रश्नाचे उत्तर आपल्या उंबरठ्यावरही द्यावे लागेल.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. १९७२ साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले. त्या देशाशी आपले नाते जुने आहे. तिथला हा बाप दिवसभर अडखळला, पण रात्री सर्वांसमोर मुलीच्या बाजूने उभा राहिला आणि मग सगळे एकत्र जेवायला गेले. त्यांच्याकडे आधी बेटीचा निर्णय झाला, मग ताटे मांडली. आपल्याकडे सत्तर-ऐंशी वर्षे नुसती ताटेच मांडली जात आहेत.

उद्या तुमची मुलगी कुणाला तरी घेऊन दारात उभी राहील. तेव्हा त्याचे आडनाव विचारू नका. माणूस कसा आहे, एवढेच विचारा. जयभीम!